उदार शिक्षण आणि नागपूरचे हिस्लॉप कॉलेज

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एक प्रश्न निघतो: इतिहास, काव्य, तर्कशास्त्र शिकून मुलाने पुढे करावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. कळंबसारख्या गावी पुष्कळ घरांतून शिक्षणाचा खर्च कापसाच्या पैशांतून निघतो; तेव्हा तो विचारण्याचा पालकांस अधिकारच आहे.

एकाच धंद्याची तयारी न करविता भाषा, इतिहास, गणित, सृष्टिशास्त्र ह्यांचा एकत्र परिचय करून देणाऱ्या शिक्षणास उदार शिक्षण म्हणतात. मार्टिन लूथर ह्यांनी १५२४ साली जर्मन नगरसभांस पत्र लिहून अशाच शाळा काढण्याचा आग्रह धरला. पुढे लूथरपंथी मिशनने १८८५ मध्ये आंध्रातील गुंटूर येथे कॉलेज स्थापिले. आपल्या विदर्भात त्याच्याही दोन वर्षे आधी, १८८३ मध्ये, स्कॉटलंडच्या फ्री चर्चने नागपुरास हिस्लॉप कॉलेज काढले. पंथ निराळा, परंतु शिक्षणाची कल्पना तीच.

ज्यांचे नाव ह्या कॉलेजास दिले ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा उघडली. ते धर्मोपदेशक खरे. परंतु रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासच्या खडकांतून प्राचीन जीवांचे अवशेष शोधून काढले. एका खनिजास त्यांच्यावरून हिस्लोपाइट असे नाव पडले आहे. शिवाय गोंड लोकांची भाषा व लिंगोची गीतकथा त्यांनी टिपून ठेविली. आपल्या जिल्ह्यातही गोंडांची वस्ती मोठी आहे. त्या मुलांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. दगड वाचणारा मनुष्य गाणीही ऐकत होता, हे आम्हांस विशेष वाटते.

कळंबहून वर्ध्यावरून नागपुरास जाताना बुटीबोरी लागते. तिच्याजवळच टाकळघाट आहे. तेथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेलेले हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री घोड्यावरून परतताना पुराने भरलेल्या नाल्यात बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ मध्ये छापविली, म्हणून ती वाचली.

अशा शिक्षणाने नोकरी हमखास मिळते असे आम्ही म्हणणार नाही. मात्र २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणान्वये आता आपल्या शाखेबाहेरचेही काही विषय घेता येतात. प्रवेशाचा अर्ज भरताना कोणत्या कॉलेजात असे कोणते विषय खरोखर शिकविले जातात, एवढे पालकांनी आधी विचारून घ्यावे.