कमरेला पिस्तूल बांधण्याआधी : सीमाभागातले सहा गैरसमज

१६ जानेवारी २०२५. बिदर शहरात भरदिवसा, स्टेट बँकेसमोर, एटीएममध्ये भरायची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या. एकाचा जीव गेला, दुसरा गंभीर जखमी झाला, रोकड लुटली गेली. अशी बातमी वाचली की भालकीचा सराफ असो, कलबुर्गीचा डाळमिलवाला असो की आळंद रस्त्यावरचा पंपमालक, ‘आपल्याजवळही एखादं छोटं, भरवशाचं पिस्तूल असावं का?’ हा विचार मनात येतोच. विचार रास्त आहे. मात्र त्याभोवती ऐकीव गोष्टींचं रान माजलेलं आहे, आणि या विषयातली ऐकीव गोष्ट जिवावर बेतते किंवा तुरुंगात नेते.

गैरसमज १ : परवाना मिळाला की हवं ते पिस्तूल घेता येतं.
वस्तुस्थिती : १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनी निवड आधीच आखून दिली आहे. पोलीस आणि लष्कर वापरतात ते ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. स्वसंरक्षणासाठी लोक घेतात ते मुख्यतः बत्तीस बोअर. इथेही एक मेख आहे. बत्तीसचं पिस्तूल आणि बत्तीसचं रिव्हॉल्वर यांची काडतुसं सारखी नसतात. पिस्तुलाचं काडतूस आखूड, रिव्हॉल्वरचं लांब आणि बुडाशी कड असलेलं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. म्हणून अर्ज भरतानाच काय घ्यायचं ते नक्की करा. वय किमान २१ हवं, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं आणि पोलीस चौकशी होणारच. बिदरला अर्ज डीसी ऑफिसात जातो. कलबुर्गी शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथे तो आयुक्तांकडे जातो.

गैरसमज २ : जितकं छोटं, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : छोटं पिस्तूल लपवायला सोपं असतं, चालवायला अवघड. नळी आखूड असली की नेम धरायच्या दोन खुणांमधलं अंतर कमी होतं आणि हाताची बारीकशी चूकही निशाण्यावर मोठी होते. मूठ लहान, वजन हलकं, म्हणून झटका जास्त जाणवतो. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर आणलं. त्याचं वजन सुमारे ५०० ग्रॅम. पर्समध्ये मावतं म्हणून त्याचं कौतुक झालं, पण हलक्या शस्त्राला सराव जास्तच लागतो. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ हे रिव्हॉल्वर जवळपास ७०० ग्रॅमचं आहे, नळी ७६ मिलिमीटरची, आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे काडतुसं भरणं सोपं जातं. मूठ तळहातात पूर्ण बसते का आणि घोड्यापर्यंत बोट सहज पोहोचतं का, हे दुकानात हातात घेऊनच ठरवा.

गैरसमज ३ : परदेशी म्हणजे भरवशाचं, आणि रिव्हॉल्वर कधी अडकत नाही.
वस्तुस्थिती : १९८० च्या दशकापासून खासगी आयात जवळपास बंद आहे. बाजारात फिरणारी बरीचशी विदेशी पिस्तुलं त्यामुळे जुनी आहेत. त्यांची किंमत दुर्मिळतेची असते. आतल्या स्प्रिंगचं वय त्या किमतीत दिसत नाही. रिव्हॉल्वरमध्ये एखादं काडतूस फुटलं नाही तर घोडा पुन्हा दाबला की पुढचं समोर येतं, हा त्याचा खरा गुण. पण सिलिंडरच अडकलं तर जागेवर काही करता येत नाही. पिस्तुलातला अडथळा सराव असलेला हात काही क्षणांत दूर करतो. अंगाला लागून असणाऱ्या शस्त्राला घामाने गंज चढतो. नियमित सफाई, परवानाधारक दुकानातली ताजी काडतुसं आणि सराव यांवर शस्त्राचा भरवसा टिकतो.

गैरसमज ४ : शर्टाखाली पिस्तूल ठेवणं गुन्हा, उघड बाळगणं रीतसर.
वस्तुस्थिती : नेमकं उलट. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे, असं २०१६ चे नियम सांगतात. ते मिरवायला मनाई आहे. वरातीत हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येते.

गैरसमज ५ : बिदरचं लायसन्स उदगीरला चालतं.
वस्तुस्थिती : आपल्याकडे सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत वाटलेलं आहे. परवान्याचं तसं नाही. त्यावर जे क्षेत्र लिहिलेलं असेल, तेवढ्यातच शस्त्र नेता येतं. औरादहून देगलूरला किंवा अफझलपूरहून अक्कलकोटला जाताना क्षेत्र वाढवून घेतलेलं नसेल, तर शस्त्र घरी कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणूक लागली आणि शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर तो पाळावाच लागतो. कोडगूतल्या कोडवा समाजाला परवान्यातून असलेली सूट आपल्याला लागू नाही.

गैरसमज ६ : कागदपत्रांपेक्षा गावठी कट्टा बरा, वेळेला चोराला गोळी घातली की झालं.
वस्तुस्थिती : कट्ट्याची नळी कोणत्या पोलादाची, हे बनवणाराही सांगू शकत नाही, ती हातात फुटू शकते. विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. परवाना असला तरी गोळी झाडण्याची मोकळीक मिळत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. जिवावरचा धोका टळल्यावर झाडलेल्या गोळीचा जाब द्यावा लागतो.

अचानक आलेल्या हल्लेखोरासमोर पिस्तूल काढायलाही वेळ लागतो. म्हणून आधी रोकड नेण्याची वेळ आणि वाट बदलत राहा, एकट्याने नेऊ नका, दुकानात कॅमेरा आणि भोंगा बसवा, ११२ क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. एवढं करूनही जिवाला खरा धोका उरत असेल तर रीतसर अर्ज करा, शिका, सराव करा. सरावाला वेळ देणं जमणार नसेल, तर पिस्तूल घेऊ नका.