पेडगाव ते भिंगार : नकोशा इतिहासाच्या खुणा

श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे. तिथल्या भुईकोटाला मुघल काळात बहादूरगड म्हणत. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याच्यावरून ते नाव पडलं. आज लोक त्याला धर्मवीरगड म्हणतात, आणि त्यामागे कारण आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना याच ठिकाणच्या बादशाही छावणीत आणण्यात आलं. विदूषकाचे कपडे चढवून, उंटांवर बसवून त्यांची धिंड काढली गेली. साकी मुस्तैदखानाच्या ‘मआसिर-ए-आलमगिरी’त ही हकिकत विजयाच्या सुरात आली आहे. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची क्रूर हत्या झाली.

या घटनेनंतर मराठ्यांचं राज्य संपलं, असं औरंगजेबाला वाटलं असेल, तर ती त्याची मोठी चूक ठरली. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले, संताजी-धनाजींनी मुघल फौजांची झोप उडवली आणि १७०० नंतर महाराणी ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. १७०६ च्या सुरुवातीला बादशहा अहमदनगरला परतला. दख्खन जिंकायला उतरून त्याला पाव शतक होत आलं होतं. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. ३ मार्च १७०७ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, तो इथल्याच छावणीत मरण पावला. भिंगारजवळचा आलमगीर दर्गा ही त्या मृत्यूची खूण. दफन मात्र त्याच्या इच्छेनुसार खुलताबादला, सूफी संत झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात झालं.

धिंड पेडगावला आणि शेवट भिंगारला, दोन्ही एकाच जिल्ह्यात. म्हणूनच वादग्रस्त व्यक्तींच्या स्मारकांचं काय करायचं, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातून पाहिला की वेगळा दिसतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाला आणि संभाजी महाराजांच्या हालांची आठवण घराघरांत ताजी झाली. पाठोपाठ खुलताबादची कबर उखडून टाकण्याची मागणी जोरात पुढे आली. १७ मार्चला नागपुरात याच वादातून हिंसाचार उसळला, त्यात एकाचा जीव गेला. कबर केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांपैकी आहे, त्यामुळे जे करायचं ते कायद्याच्या चौकटीतच करावं लागेल, हे मुख्यमंत्र्यांनीही सांगितलं. त्या महिन्याच्या अखेरीस गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकरे यांनी वेगळी भूमिका मांडली. कबर राहू द्या, तिची सजावट काढा आणि मराठ्यांना संपवायला आलेला बादशहा इथेच गाडला गेला, असा फलक लावा, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं.

या म्हणण्यात राजकारणापलीकडचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. स्मारक या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. चौकातला पुतळा हा गौरव असतो. अमुक माणूस आम्हाला आदर्श वाटतो, असं समाज त्यातून जाहीर करतो. कबर, रणांगण, तुरुंगाची कोठडी किंवा पडका वाडा हा पुरावा असतो. तो गेला की घडलेल्या गोष्टीचा एक साक्षीदार जातो. खुलताबादची कबर पाहिली तर हा फरक लगेच पटतो. ती उघड्या आभाळाखाली आहे, वर घुमट नाही. भोवतीची संगमरवरी जाळीसुद्धा पुढे लॉर्ड कर्झनच्या काळातली. ताजमहाल बांधणाऱ्या बापाचा मुलगा दख्खनेत असा पुरला गेला, हे मराठ्यांच्या दीर्घ झुंजीचं प्रमाणपत्र आहे. ते आपल्याच हातांनी का फाडायचं?

गौरवाची गोष्ट निराळी. तो बदलण्याचा हक्क प्रत्येक पिढीला आहे. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसवलेलं अहमदनगर शहर पाच शतकांहून अधिक काळ त्याच्या नावाने ओळखलं गेलं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नामांतराला मंजुरी दिली, केंद्राची संमती आली आणि जिल्ह्याला जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीचं, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव मिळालं. अहमद निजामशहाची बागरोजातली कबर मात्र जागची हलली नाही, आणि हलायचं कारणही नव्हतं. गावाचं नाव कोणाच्या स्मरणार्थ असावं हे आजच्या लोकांनी ठरवलं. गाव कोणी वसवलं हे ठरवण्याचा प्रश्नच नव्हता, ते १४९० मध्येच घडून गेलं.

मुंबईनेही हा मार्ग चोखाळला आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला गेला. पुतळ्याच्या मूळ जागेला लोक आजही काळा घोडाच म्हणतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जमावाने ७ जून २०२० रोजी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा पाडून बंदरात लोटला. पालिकेने तो बाहेर काढला आणि पुढे अंगावरच्या रंगाच्या डागांसकट, आडवा ठेवून, संग्रहालयात मांडला. दोन्हीकडे गौरव संपला आणि पुरावा टिकला. पुण्यात लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हटवला गेला तो महापालिकेच्या ठरावानंतर. त्या निर्णयावर मतभेद झाले, पण वाद सभागृहात मांडला गेला. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरींचा पुतळा रात्रीतून उखडून नदीत टाकला गेला, तेव्हा चर्चेला जागाच उरली नाही.

आपल्या निकषाची खरी कसोटी कोपरगावात लागते. तिथे गोदावरीकाठी राघोबादादांचा, म्हणजे रघुनाथराव पेशव्यांचा वाडा आहे. त्यांच्या नावावर अटकेपर्यंतची १७५८ची मोहीम आहे. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३चा खूनही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना तोंडावर दोषी ठरवलं. पुढे १७७५ मध्ये सुरतेचा तह करून त्यांनी इंग्रजांना पुण्याच्या राजकारणात वाट करून दिली. मालेराव होळकरांच्या मृत्यूनंतर इंदूरची दौलत घशात घालायला निघालेले हेच रघुनाथराव, आणि फौज उभारून त्यांना मागे फिरायला लावणाऱ्या अहिल्यादेवी, हा प्रसंग मराठी माणसाला ठाऊक आहे. डिसेंबर १७८३ मध्ये राघोबादादा कोपरगावातच वारले. त्यांचा वाडा पाडा, अशी मागणी जोर धरत नाही, आणि तेच योग्य आहे. मग हाच न्याय आपण परक्या, शत्रू वाटणाऱ्या माणसांच्या खुणांनाही लावला पाहिजे. घरच्या दोषी माणसाचा वाडा इतिहास आणि शत्रूची कबर कलंक, असा दुहेरी न्याय टिकत नाही.

नगरच्या किल्ल्याने हे पूर्वीच पचवलं आहे. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्याला याच तटावरून तोंड दिलं आणि १६०० मध्ये फितुरीच्या संशयावरून तिच्याच लोकांनी तिला मारलं. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने हाच किल्ला जिंकला. १९४२ पासून इथेच नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं गेलं. विजेते, पराभूत आणि कैदी एकाच तटाच्या आत आहेत.

पण नुसतं जपणं पुरेसं नाही. शहराबाहेरच्या शहाडोंगरावरची तीनमजली अष्टकोनी इमारत लोक चांदबीबीचा महाल म्हणून दाखवतात. वास्तविक ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. दगड टिकला, पण त्याची ओळख हरवली. माहिती नसलेल्या स्मारकाभोवती दंतकथा वाढते, आणि दंतकथा कोणालाही, कशासाठीही वापरता येते.

म्हणून मागणी करायची तर पाडापाडीची नको, माहितीची हवी. पेडगावला संभाजी महाराजांच्या विटंबनेची हकिकत सालवार, कोणतीही भीड न ठेवता लिहिलेली असावी. भिंगारला औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांचा आणि मराठ्यांच्या प्रतिकाराचा वृत्तान्त असावा. कोपरगावच्या वाड्यात अटकेची मोहीम आणि नारायणरावांचा खून शेजारी शेजारी मांडलेले असावेत. मजकूर पुरातत्त्व खात्याने आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मिळून तयार करावा, तो सोप्या मराठीत असावा. शाळांच्या सहली चौंडीला जातात, त्या पेडगावला आणि भिंगारलाही जाव्यात. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतलं तर हे काम अवघड नाही, आणि वाचकांनी आपापल्या ग्रामसभेत, शाळेत त्याचा आग्रह धरावा.