पाकिटावरचा पत्ता आणि संगणकाचं ‘जर-तर’

धर्माबादचा पिनकोड ४३१८०९. शेजारचं बासर तेलंगणात, तिथला पिनकोड ५ ने सुरू होतो. टपाल वेगळं करणाऱ्याला धर्माबादची मिरची ठाऊक नसली तरी चालतं. पहिल्या तीन आकड्यांवरून वर्गीकरणाचा जिल्हा कळतो, उरलेल्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेली ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतचा कवीही होता.

संगणकांच्या जगात हेच काम सॉफ्टवेअर करतं. मिरचीच्या व्यापाऱ्याकडे मोबाइलवरून मागणी आली, की तो निरोप योग्य गोदामाकडे जायला हवा. मी वापरतो ते ‘अपाचे कॅमल’ २००७ साली आलं, आणि ते फुकट मिळतं. कुठला निरोप कुठे, हे त्यात ‘सिंपल’ नावाच्या छोट्या भाषेत लिहिता येतं. पिन ४३१ ने सुरू होत असेल तर नांदेडचं गोदाम, ५ ने होत असेल तर निजामाबादचं, अन्यथा कारकुनाची यादी. असा नियम व्यापाऱ्याला वाचून दाखवला तर त्यालाही त्यातली चूक सापडते. मला हाच तिचा मोठा फायदा वाटतो.

निरोपालाही पाकीट असतं आणि आत पत्र. नियम दोन्ही पाहू शकतो, पण मी पाकिटावरच भागवतो. आतला मजकूर कधी कधी एकदाच वाचता येतो. साठवून ठेवायची सोय नसेल, तर वाटणारा तो वाचून संपवतो आणि गोदामाच्या हाती कोरा कागद पडतो.

नाव ‘सिंपल’ असलं तरी भाषेत खाचखळगे आहेतच. नियम वरून खाली तपासले जातात, पहिला जुळला की खालचे कुणी पाहत नाही. ‘दहा क्विंटलच्या वरचा माल थेट कारखान्यातून’ हा नियम पिनच्या खाली लिहिला, तर नांदेडची मोठी मागणी गोदामातच अडकते. शिवाय संगणकाला मराठी चार आणि इंग्रजी चार ही दोन वेगळी अक्षरं. गिऱ्हाइकानं पिन मराठी आकड्यांत टाइप केला आणि नियम इंग्रजीत असला, तर काहीच जुळत नाही. अशा वेळी ‘अन्यथा’ लिहिलेलं नसेल, तर कॅमल तक्रार करत नाही. निरोप कुठल्याच फाट्याला न वळता पुढे निघून जातो, आणि व्यापाऱ्याला ते कळतं गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर.

पोहोचवताना अडलेल्या निरोपांसाठी मात्र वेगळा कोपरा ठेवता येतो. त्याचं नाव ‘डेड लेटर चॅनल’, टपालातल्या डेड लेटर ऑफिसची आठवण करून देणारं. तो कोपरा रोज सकाळी कुणीतरी उघडून पाहावा लागतो.