वजा सोळा

अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. देव एक, देवळं दोन. म्हणून नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. ओट्यावर बसून हे ऐकत होतो, तर यजमानांची भाची मध्येच म्हणाली, "काका, आमच्या कर्नलमध्येबी असंच लिहून घ्यावं लागतं." तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत जाऊन बसलो.

कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. तिच्या आजीला मात्र अजून वाटतं, नात फौजेतल्या कुण्या साहेबाचं काम करते.

टेबलावर रास्पबेरी पाय ४, म्हणजे पाटीएवढा छोटा संगणक, शेजारी ठिबकच्या नळीला बसवायचा पाणी मोजायचा मीटर. पाणी वाहिलं की तो ठोके देतो. ते मोजणारा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला जोडायचा प्रोग्राम, ती लिहीत होती. खोलीभर सोल्डरिंगच्या राळेचा वास. कोड बांधला, त्याचं मॉड्यूल कर्नलमध्ये चढवलं, आणि पडद्यावर ओळ उमटली. "आला सोळा," ती म्हणाली.

वजा सोळा हा लिनक्सचा नकार: जागा दुसऱ्याच्या ताब्यात आहे. भांडण कितीचं? १८० बाइटचं. एवढ्याशा पट्ट्यात या पाटीच्या सगळ्या पिनांचा कारभार. तिनं सुडोनं खास हक्क घेऊन कर्नलची नोंदवही उघडली. साध्या वापरकर्त्याला तिथं नुसती शून्यं दिसतात. एफ-ई-दोन आणि पुढं पाच शून्यं, तिथून सुरुवात. समोर मालकाचं नाव. कर्नलसोबत आलेल्या ड्रायव्हरनं हे १८० बाइट मशीन सुरू होतानाच आपल्या नावे करून घेतलेले. "सातबाराच समजा," ती म्हणाली. मला मात्र देवळातला करारच आठवत होता.

कारण पुढं तिनं जे दाखवलं त्यानं मी हबकलो. परवानगी मागायची ओळ तिनं काढून टाकली आणि थेट त्या पत्त्यावर हात घातला. चाललं की! कुणी अडवलं नाही. नोंदवही फक्त विचारणाऱ्याला उत्तर देते. न विचारता घुसणाऱ्याला कर्नलमध्ये कुंपण नाही. दोन्ही गावांच्या कागदालाही कुठं कुलूप असतं?

मग नुकसान काय? तिनं कागदावर चौकोन आखले. पिन आत घ्यायची की बाहेर सोडायची, हे ज्या रकान्यात ठरतं त्या एका रकान्यात दहा पिना, प्रत्येकीला तीन बिट. एकच पिन बदलायची तरी सगळा रकाना वाचायचा, तीन बिट फिरवायचे, सगळा परत लिहायचा. तिचा मीटर सतरावर, मोटारीचा रिले अठरावर. दोन्ही पिना एकाच रकान्यात. तिनं वाचलं, तेवढ्यात दुसऱ्या ड्रायव्हरनं अठरा बदलली, मग तिनं आपली जुनी नक्कल परत लिहिली. अठरा पूर्ववत. मोटार सुरूच होणार नाही, आणि चूक कुणाच्याच कोडमध्ये सापडणार नाही.

"चालतंय तर चालू द्या म्हणणारे लई," ती चिडून म्हणाली. अशा चालू द्यावाल्यांवर माझाही तेव्हापासून राग आहे.

तिनं सगळं पुसलं. १८० बाइट मागायचेच नाहीत. ज्याच्या नावे आहेत त्याच्याकडं फक्त सतरा नंबरची पिन मागायची. रकान्याला हात लावायचा तो मालकानं. सात-आठ ओळींचा बदल. पुन्हा चढवलं.

पुन्हा वजा सोळा.

आता जागेवर नव्हे, पिनेवर. ती बराच वेळ पडद्याकडं बघत बसली, मग एकदम हसत सुटली. परवाच्या प्रयोगाचं जुनं मॉड्यूल अजून चढलेलं होतं; सतरा नंबर तिनंच धरून ठेवला होता. ते उतरवलं, नवं चढवलं. पाणी आणायला कोण जाणार? मीटर तोंडाशी धरून तिनं जोरात फुंकर मारली, आणि पडद्यावरचा आकडा पळायला लागला.