मोज बरं, परत किती आले?

सहलीहून निघताना बाई काय करतात, आठवतंय? सगळ्यांची डोकी मोजतात! एक, दोन, तीन... आकडा जुळला, की मगच बस हलते.

आज तुला अशीच मोजामोज करणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. पण तो सहलीला नाही, लढाईला गेला होता!

त्याचं नाव वॉल्टर टल. जन्म १८८८ चा, इंग्लंडमधल्या फोकस्टन गावचा. बाबा सुतार होते, दूरच्या बार्बाडोस बेटावरून आलेले. वॉल्टर सात वर्षांचा असताना आई गेली. नवव्या वर्षी बाबाही गेले. मग तो आणि त्याचा भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात राहू लागले.

तिथे वॉल्टरला एक मस्त सोबती मिळाला. ओळख पाहू कोण? फुटबॉल!

मोठेपणी तो टॉटनहॅम संघाकडून खेळला. मग नॉर्थॅम्प्टनच्या संघाकडून शंभराहून जास्त सामने खेळला. आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

आता गंमत ऐक! इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंची एक खास पलटण उभी राहिली. नाव काय? फुटबॉल पलटण! गोलकीपर, बचावपटू, आघाडीवीर, सगळे एका रांगेत! वॉल्टरही तिच्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला.

ही पलटण पायदळाची होती. पायदळ म्हणजे पायी लढणारी फौज. पाठीवर दप्तर, पण पुस्तकांचं नाही हं! त्यात सगळा संसार. आणि राहायचं कुठे? खंदकात! खंदक म्हणजे जमिनीत खणलेला लांबच लांब चर. पाऊस आला, की आत नुसता चिखल.

खंदकात आणखी एक शत्रू होता. तिळाएवढा! कपड्यांत लपणारी ऊ! तिच्या विष्ठेत रोगजंतू असायचे. माणूस कराकरा खाजवायचा आणि ओरखड्यातून ते जंतू आत शिरायचे. मग यायचा खंदकज्वर. वॉल्टरलाही तो झाला. त्याला इंग्लंडला परत पाठवावं लागलं. केवढीशी ऊ, आणि केवढा हा खेळाडू!

तोवर वॉल्टर सार्जंट झाला होता. सार्जंट म्हणजे वर्गातल्या मॉनिटरसारखा. सगळ्यांना रांगेत ठेवणारा, पण त्यांच्यातलाच एक. अधिकारी मात्र वेगळे. ते जणू शिक्षकांच्या खुर्चीतले!

पण युद्धात तरुण अधिकारी सगळ्यांच्या पुढे धावायचे. त्यामुळे खूप जण मारले जायचे. खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. मग १९१६ पासून हुशार शिपायांना निवडून शिकवायला सुरुवात झाली. मॉनिटरला थेट शिक्षकांच्या खुर्चीत बसायची संधी!

वॉल्टरच्या वाटेत मात्र एक भिंत होती. त्याचा रंग काळा होता. अधिकारी युरोपीय वंशाचाच हवा, असं तेव्हाच्या लष्करी नियमांत लिहिलं होतं. अंपायरने खेळ बघण्याआधीच बाद द्यावं, तसंच ना हे?

तरीही वॉल्टर निवडला गेला! मे १९१७ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. अशी खुर्ची मिळालेल्या पहिल्या काही काळ्या अधिकाऱ्यांपैकी तो एक होता. आता त्याच्या हुकमावर गोरे शिपाई चालू लागले.

पुढे तो इटलीला गेला. तिथे पियावे नावाची नदी आहे. पाणी कसं? जोरदार वाहणारं, फ्रिजमधल्यासारखं गार! १९१८ साल नुकतंच उजाडलं होतं. जानेवारीच्या एका रात्री शत्रूवर छापा घालायला वॉल्टरने २६ जणांना घेऊन ती नदी ओलांडली. समोरून गोळ्यांचा मारा सुरू होता.

छापा संपला. सगळे परतले. आता मोज बरं, परत किती आले?

सव्वीस! एकही कमी नाही! सेनापतींनी त्याच्या धैर्याचं आणि शांत डोक्याचं कौतुक केलं.

पुढचं जरा हळू आवाजात सांगते. २५ मार्च १९१८ ला फ्रान्समध्ये वॉल्टर गोळी लागून पडला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याच्या शिपायांनी गोळीबारातही त्याला उचलून आणायची धडपड केली. त्यांत एक फुटबॉलचा गोलकीपरही होता! पण जमलं नाही. वॉल्टर शेवटपर्यंत सापडलाच नाही. फ्रान्समधल्या आरास गावच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे.

म्हणून पुढच्या सहलीत बाई डोकी मोजू लागल्या, की कुरकुर करू नकोस. तुझा नंबर आला, की मोठ्याने म्हण, "हजर!"