लष्करी अळी : शत्रू म्हटलं की आपण काय विसरतो?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं मक्यावरच्या अळीबद्दल का बोलावं, असं काहींना वाटेल. आमचं म्हणणं एवढंच, की एखाद्या गोष्टीला आपण काय नाव देतो, यावर पुढे आपण काय करतो हे बरंचसं ठरतं. शेतात तर त्याची किंमत रोख मोजावी लागते.

आधी घटना पाहू. अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, ही मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. २०१६ साली ती पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि दोनेक वर्षांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या बहुतेक देशांत पोचली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात, शिवमोग्ग्याच्या परिसरात मक्यावर ती दिसली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली. मक्याबरोबर उसावरही सापडली. २०१९ मध्ये चीन, २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीनं एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जाऊ शकतो, तेव्हा या वेगाचं आश्चर्य नको.

मग आपण म्हणतो, 'परकी कीड आली'. बरोबर आहे. पण मका तरी कुठला? तोही मेक्सिकोकडचाच. पीक काही शतकं आधी आलं, त्यावर जगणारी अळी मागून आली. तेव्हा नुसतं 'परकी' म्हणून नुकसानीचं कारण कळत नाही. विचारायचं ते हे, की तिकडे तिला आवरणारं काय होतं, आणि इकडे काय नाही?

पहिली गोष्ट थंडी. ही अळी सुप्तावस्थेत जात नाही. गोठवणारी थंडी पडली की मरते. अमेरिकेत ती हिवाळा फ्लोरिडा, टेक्सास अशा दक्षिणेच्या उबदार भागात काढते आणि दरवर्षी नव्यानं उत्तरेकडे सरकते. आपल्याकडे खरीप, रब्बी, उन्हाळी, तिन्ही हंगामांत कुठे ना कुठे कोवळा मका उभाच! उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. एक मादी हजाराच्या वर अंडी घालू शकते. दुसरी गोष्ट, तिच्या अंड्यांवर आणि अळ्यांवर जगणारे कीटक. मूळ प्रदेशातले ते तिच्याबरोबर आले नाहीत. इथल्या काही मित्रकीटकांनी आणि बुरशींनी मात्र तिला गाठायला सुरुवात केली आहे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता नावाकडे येऊ. अन्न संपलं की या अळ्या झुंडीनं पुढे सरकतात, म्हणून 'लष्करी'. पण मक्यात आपल्याला भेटते ती बहुधा एकटी. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे एका पोंग्यात शेवटी एखाद-दुसरीच उरते. तीही आपल्याच विष्ठेच्या भुशाखाली दडलेली. 'लष्कर आलं' म्हटलं की माणूस घाबरतो आणि औषधाचा पंप उचलतो. वरवर मारलेलं औषध त्या भुशाखाली पोचत नाही. पैसे जातात, फवारणाऱ्याच्या छातीत विष जातं, आणि मरतात ते आपले मित्रकीटक. मग पुन्हा फवारणी.

याउलट, अळी लहान असताना ती फार नाजूक असते, बरं का. पानावर केसाळ आवरणाखाली अंड्यांचा पुंजका दिसतो; तो बोटानं चिरडता येतो. कोवळ्या पानावर कागदासारखे पांढुरके चट्टे दिसले, की समजावं नुकत्या निघालेल्या अळ्यांनी पान खरवडलंय. तेव्हा ५ टक्के निंबोळी अर्कही उपयोगी पडतो. मोठ्या अळीची खूणही साधी : डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. हे कळायला शेतात पाच ठिकाणी थांबून दहा-वीस झाडांचे पोंगे वाकून बघावे लागतात. आठवड्यातून एकदा तरी, पीक लहान असल्यापासून. यालाच आम्ही ज्ञान म्हणतो. ते बाटलीत विकत मिळत नाही.

एक अडचण उरते. पतंगाला बांध कळत नाही. आपण वेळेवर पेरलं आणि शेजाऱ्यानं महिन्यानं, तर आपल्या शेतातली नवी पिढी त्याच्या कोवळ्या पिकावर उतरते. पुढच्या खेपेला उलटं. तिकडे जो खंड हिवाळा पाडतो, तो इथे माणसांनी एकत्र बसून पाडायचा आहे : पेरणी जवळपास एकाच वेळी, कामगंध सापळे सगळ्यांच्या शेतात, आणि कुणाला पहिला पतंग दिसला तर त्यानं तो सांगायचा. मक्याचं नुकसान लपवण्यासारखं काही नाही. तो सांगणारा माणूस गावाला हजार रुपयांच्या औषधापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

आपल्या गावात हे ठरवायला पेरणीआधी एखादी बैठक होते का? होत नसेल, तर पुढच्या हंगामाआधी ती कोण बोलावणार, एवढं आज ठरवू या.