मेळघाटातील मुलींचा न विचारलेला प्रश्न

अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर, सातपुड्याच्या डोंगररांगांत, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत धारणी तालुका वसला आहे. मेळघाटातील या तालुक्याचे नाव महाराष्ट्राला प्रामुख्याने बालमृत्यू आणि कुपोषण यांच्या संदर्भात परिचित झाले. साहजिकच आरोग्यविषयक प्रयत्नांचा भर गरोदर माता आणि तान्हे मूल यांच्यावर राहिला. उपकेंद्राच्या नोंदवहीत स्त्रीचे नाव ठळकपणे येते ते बहुधा ती गरोदर राहिल्यानंतर. परंतु पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या गरोदरपणापर्यंतच्या काळात अनेक मुलींच्या मनात एक प्रश्न घर करून असतो : आपल्याला पुढे मूल होईल ना? हा प्रश्न आईला विचारण्यास संकोच वाटतो, डॉक्टरांना विचारण्याचे धाडस होत नाही. परिणामी थोड्या दिवसांच्या औषधाने बरा होणारा आजार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

गडचिरोलीचा धडा

या मौनाची व्याप्ती विदर्भातच प्रथम शास्त्रीय पद्धतीने मोजली गेली. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. मात्र त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. आजार घरोघर होता, पण तो दवाखान्यापर्यंत पोचलेला नव्हता. प्रसूतीपुरता विचार करणारी सेवा अपुरी ठरते, हा या अभ्यासाचा धडा आजही लागू आहे.

शंका आणि वस्तुस्थिती

मुलींच्या मनातील पुष्कळशी भीती निराधार असते. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. या वयात दोन पाळ्यांमधील अंतर २१ ते ४५ दिवस असू शकते. अंगावरून थोडे पांढरे जाणे, त्यास दुर्गंधी व खाज नसल्यास, हा आजार नव्हे. त्यामुळे शरीरातील शक्तीही निघून जात नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी कायमचे वंध्यत्व येते, ही समजूतही खरी नाही. गोळ्या थांबविल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. ‘अंतरा’ इंजेक्शन घेतल्यास त्यासाठी काही महिने अधिक लागतात, इतकेच.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. वयाची १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे, सुरू झालेली पाळी तीन महिने थांबणे, सात दिवसांहून अधिक रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात सतत दुखणे किंवा त्यासोबत ताप येणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी आवश्यक आहे.

खरा धोका कोठे?

शरीरसंबंधातून होणारा जंतुसंसर्ग स्त्रीमध्ये पुष्कळदा लक्षणांशिवाय राहतो. वेळीच उपचार न झाल्यास तो गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत पसरतो आणि त्या व्रण होऊन बंद पडू शकतात. असुरक्षित गर्भपातातूनही हाच अनर्थ ओढवतो. क्षयरोगाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे बीजवाहिन्यांत पोचल्यास पाळी कमी होण्यापलीकडे काही जाणवतही नाही. क्षयरोगाचा उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य होतो. परंतु एकदा बंद पडलेल्या वाहिन्या औषधाने पूर्ववत होतीलच असे नाही. म्हणूनच उपचारांइतकेच महत्त्व ते वेळेवर होण्याला आहे.

अल्पवयातील विवाह ही या प्रश्नाची दुसरी बाजू होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. अशा मुलीला वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर तिच्यावर ‘वांझ’ असा शिक्का बसतो, आणि कधी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. वास्तविक मूल न होण्याचे कारण अनेक जोडप्यांत पुरुषामध्ये असते, तर काहींत दोघांमध्येही. पुरुषाची तपासणी स्त्रीच्या तपासणीपेक्षा कितीतरी सोपी आहे. तपासणी दोघांची व्हावी, आणि संसर्ग आढळल्यास उपचारही दोघांनी घ्यावेत; अन्यथा बरी झालेली पत्नी पतीकडून पुन्हा आजारी पडते.

सोयी आहेत, वाट हवी

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी राज्यातील शासकीय आरोग्य संस्थांत ‘मैत्री’ क्लिनिक चालविली जातात. धारणी तालुक्यात हरिसाल, बैरागड, कळमखार आदी ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे असून धारणी येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. अविवाहित मुलीच्या तपासणीची घरच्यांना धास्ती वाटते. परंतु विचारपूस, पोटाची तपासणी, रक्त व लघवीची चाचणी आणि गरज भासल्यास सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागते. गर्भपाताबाबत १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारण्यात आला. अविवाहित स्त्रियांनाही त्याचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले.

तरीही दोन अडचणी उरतात. पहिली भाषेची. कोरकू ही मराठीहून सर्वस्वी भिन्न अशी मुंडा कुळातील भाषा आहे. शरीराविषयीचा नाजूक प्रश्न परक्या भाषेत विचारणे कोणत्याही मुलीला जड जाते. दुसरी अडचण गुप्ततेची. लहान गावात दवाखान्यात पाऊल टाकल्याची वार्ता मुलीच्या आधी घरी पोचते.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. कोरकू बोलणाऱ्या आशा स्वयंसेविकेने महिन्यातून एकदा मुलींसोबत बसावे आणि तेथील बोलणे बाहेर जाऊ देऊ नये. शिक्षिकांनी पाळीचा धडा न वाचता पुढे ढकलू नये. मुलांनाही तो शिकवावा. शाळेत एक पेटी ठेवून नाव न लिहिता प्रश्न टाकण्याची मुभा दिल्यास संकोच बराच कमी होईल. आरोग्य केंद्रात मुलींच्या तपासणीसाठी आडोसा आणि स्त्री कर्मचारी असावी. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात. तपासणी शिबिरे त्या सुमारास घ्यावीत. भुमकांनाही विश्वासात घेऊन, पोटदुखी व ताप असलेल्या मुलीस आरोग्य केंद्राकडे पाठविण्यास सांगावे. ग्रामसभेने अठरा वर्षांपूर्वी लग्न न करण्याचा ठराव करून तो पाळावा.

मेळघाटातील मातेची काळजी तिच्या पहिल्या गरोदरपणापासून नव्हे, तर तिच्या पहिल्या पाळीपासून सुरू झाली पाहिजे. मुलीने प्रश्न विचारला म्हणून तिच्या वर्तनाविषयी शंका घेणारे गाव तिला दवाखान्यापासून दूर लोटते. शांतपणे उत्तर देणारे गाव तिचे आरोग्य राखते, आणि तिच्या भावी मुलांचेही.